‘हो’ म्हणणाऱ्याचं पुढे काय?

मालेगावात अल्प्राझोलम या चिंता शमवणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या गोळीला ‘कुत्ता गोली’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात झोपेच्या गोळ्या ‘बटन’ या नावानं विकल्या जातात. भिवंडी-मुंब्र्याकडे कोडीन हे अफूजन्य द्रव्य असलेलं खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली रिचवलं जातं. या तिन्ही गोष्टी कारखान्यात रीतसर तयार होतात. त्यांच्यावर बॅच नंबर असतो, कंपनीचं नाव असतं, आणि निदान कागदावर तरी त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. आता यांतली एखादी गोळी रोज घेणाऱ्या मुलासमोर ‘डास्ट-१०’ नावाची, ड्रग्जचं व्यसन ओळखण्यासाठीची प्रश्नावली ठेवा. पहिलाच प्रश्न असा, की औषधोपचाराच्या कारणाखेरीज तुम्ही ड्रग्ज वापरले आहेत का? मुलगा ‘नाही’ म्हणेल, आणि त्याच्या मते तो खोटं बोलत नसेल. ड्रग्ज म्हणजे चरस, पावडर, एमडी (मेफेड्रोन). आपण घेतो ती गोळी. झोप यावी म्हणून, किंवा बारा तास यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहून डोकं भणभणतं म्हणून.

ही प्रश्नावली मूळची कॅनडातली. हार्वे स्किनर यांनी १९८२ मध्ये २८ प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली, पुढे तिची वीस आणि दहा प्रश्नांची रूपं निघाली. दहा प्रश्न, गेल्या बारा महिन्यांबद्दल, उत्तर हो किंवा नाही, नशेकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक उत्तराला एक गुण. एक-दोन गुण म्हणजे धोका कमी, तीन ते पाच मध्यम, सहा किंवा त्याहून जास्त म्हणजे गंभीर. पाच मिनिटांत आटोपते, फुकट आहे, ती घ्यायला मोठं शिक्षण लागत नाही. म्हणूनच ती जगभर पसरली आणि पाकिस्तानात उर्दूतही आली. तिच्याबरोबर जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ आली, जी तंबाखूपासून हेरॉईनपर्यंत एकेका पदार्थाचं नाव घेऊन विचारते. उर्दू बोलणाऱ्यांमध्ये व्यसन लवकर ओळखायचं तर उर्दूत प्रश्न विचारायला हवेत, यात वादाला जागा नाही. माझा वाद पुढच्या गृहीतकाशी आहे. प्रश्नावली उर्दूत आली, तिची विश्वासार्हता मोजली गेली, की आता वस्तीवस्तीत, शाळा-कॉलेजांत ती वाटून टाका, असं मानणारे अनेक सद्‌हेतू लोक आहेत. पकडलेल्या प्रत्येक ‘हो’मागे उपचार आणि गुप्तता यांची हमी नसेल तर असं सामूहिक स्क्रीनिंग, म्हणजे सरसकट सगळ्यांची चाळणी, करू नये, असं मला वाटतं. ते निरुपयोगी ठरेलच, शिवाय पुढच्या दहा वर्षांसाठी लोकांची तोंडं बंद करून जाईल.

मराठी वाचकाला हा दूरचा विषय वाटायचं कारण नाही. २०११ च्या जनगणनेत देशात पाच कोटींहून अधिक लोकांनी उर्दू ही मातृभाषा सांगितली आणि त्यांतले सुमारे ७५ लाख महाराष्ट्रात आहेत. पाकिस्तानात उर्दू ही राष्ट्रभाषा असली तरी २०१७ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे होते फक्त सात टक्क्यांच्या आसपास. तिथल्या पंजाबी, पश्तो, सिंधी बोलणाऱ्या माणसाला उर्दू येते ती शाळेतून, टीव्हीवरून. म्हणजे कराचीत पश्तोभाषक हमालाला उर्दू कागद देणं आणि मालेगावच्या अन्सारी मोहल्ल्यात तो देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालेगावात विणकरांची घराणी उत्तर प्रदेशातून आली, त्यांची बोली तिकडची. मराठवाड्यात दखनी. मुंबईत या दोन्हींची मिसळ. शिवाय नव्या पिढीतल्या कितीतरी मुलांना उर्दू बोलता येते पण वाचता येत नाही, कारण ती मराठी, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकली. लाहोरात तपासून घेतलेला नस्तालीक लिपीतला कागद भिवंडीत तसाच चालेल असं धरून चालणं हा आळस आहे. अर्थात हा आळस दुरुस्त होण्यासारखा आहे. चार जाणत्या माणसांनी महिनाभर बसून तो दूर करता येईल.

प्रश्नांच्या पोटात शिरलं की खरी अडचण दिसते. ड्रग्ज घेतल्याबद्दल तुम्हाला कधी अपराधी वाटतं का, असा एक प्रश्न डास्टमध्ये आहे. ‘हो’ला एक गुण. ज्या घरात पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे आणि हराम-हलालचा विचार पोटात घेऊनच मूल मोठं होतं, तिथे लग्नात एकदा मित्राच्या आग्रहाला बळी पडून चरसचे दोन झुरके मारलेला मुलगाही ‘हो’ म्हणेल. आठवडाभर त्याला झोप लागलेली नसेल. उलट चार वर्षं पावडर ओढणारा, घरच्यांनी हात टेकलेला माणूस त्या भावनेच्या पलीकडे गेलेला असू शकतो. तो एक गुण व्यसनाचा किती आणि संस्काराचा किती, हे कागद सांगत नाही. आईवडील किंवा बायको तुमच्या नशेबद्दल तक्रार करतात का, हा दुसरा प्रश्न. दहा बाय पंधराच्या खोलीत आठ माणसं राहतात तिथे तक्रार करणारा चुलता असतो, मोठा भाऊ असतो, शेजारची खाला असते. आईला ठाऊक असतं, पण ती अब्बांच्या कानावर जाऊ देत नाही. अशा घरात ‘नाही, कोणी काही बोलत नाही’ हे उत्तर खरंही असतं आणि फसवंही. नशा मिळवण्यासाठी बेकायदा काही केलंत का? चिठ्ठीशिवाय पट्टी देणारा मेडिकलवाला कायदा मोडतो, गिऱ्हाईकाला तसं वाटतही नाही.

हे दोष पाकिस्तानी संशोधकांना कळत नाहीत असं मुळीच नाही. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, मग काही लोकांवर चाचणी, असा ठरलेला रिवाज असतो आणि तो पाळला जातो. पण या शास्त्रात सोयीची एक वाट आहे, आणि ती फक्त उर्दूतली नव्हे. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल असलेले शंभर जण घ्यायचे, कॉलेजातले शंभर विद्यार्थी घ्यायचे, दोघांना कागद द्यायचा. केंद्रातल्यांना जास्त गुण पडतात, विद्यार्थ्यांना कमी, आणि प्रश्नावली उत्तम ठरते. दाखल झालेल्या माणसाला आपल्याला व्यसन आहे हे आधीच मान्य झालेलं असतं, लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. प्रश्नावलीची खरी परीक्षा मधल्या माणसाशी आहे. आठवड्यातून तीनदा गोळी घेणारा, कामावर जाणारा, घरच्यांना न कळलेला. तो त्या दोनशेंमध्ये बहुतेक नसतोच.

एक गणित करून पाहू. एखाद्या वस्तीतल्या हजार माणसांपैकी वीस जणांना उपचाराची खरोखर गरज आहे असं समजा. प्रश्नावली चांगली आहे, दहापैकी नऊ व्यसनी ओळखते आणि व्यसन नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना बरोबर सोडून देते. वीसपैकी अठरा सापडले. उरलेल्या ९८० मधले ९८ जण मात्र काही नसताना अडकले. म्हणजे ११६ जणांच्या नावापुढे खूण, आणि त्यांत खरे अठरा. आता हीच प्रश्नावली दवाखान्यात वापरा, पण सगळ्यांवर न वापरता ज्यांना झोप लागत नाही, वजन उतरलंय, हातापायांना थरथर आहे, वारंवार पोट बिघडतंय अशांवर वापरा. तिथे हजारांत दोनशे जण खरे असतील तर १८० सापडतील आणि चुकून अडकणारे असतील ऐंशी. कागद तोच, पण पहिल्या ठिकाणी सहापैकी पाच निर्दोष आणि दुसऱ्या ठिकाणी दहापैकी सात खरे. स्क्रीनिंग कुठे करायचं हा प्रश्न तपशिलाचा वाटतो, पण सगळा निकाल त्यावर फिरतो. आणि ही सगळी आकडेमोड लोक खरं बोलतात असं धरून केलेली आहे.

लोक खरं का बोलतील?

८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं गेली. पोलिसांनी त्याच गावातले मुसलमान तरुण पकडले. त्यांना जामीन मिळायला २०११ उजाडलं आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. या गावात सरकारी माणूस हातात फॉर्म घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, घरात कोण काय नशा करतं ते सांगा, तर आतली बाई काय उत्तर देईल? २०१९-२० मध्ये नागरिकत्व कायदा आणि एनआरसीच्या वादानंतर घरोघर माहिती गोळा करणाऱ्याकडे देशभरच्या मुस्लिम वस्त्यांमध्ये संशयानं पाहिलं गेलं, कोविडच्या सर्वेक्षणाला आलेल्या आशा सेविकाही त्यातून सुटल्या नाहीत. हा संशय अडाणीपणातून आला असं आपले अधिकारी खासगीत म्हणतात. मला तो बऱ्यापैकी हिशेबी वाटतो.

कायदाही या संशयाला खतपाणी घालतो. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. पदार्थ कोणता यावर सहा महिने किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात ‘६४ अ’ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. किती वकिलांना हे कलम आठवतं, देव जाणे. मोहल्ल्यात तर कलम २७ चं नावही कोणी घेत नाही, तिथे ‘एनडीपीएस लागला’ एवढंच वाक्य असतं आणि ते पुरेसं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत आणल्या. त्यामुळे गुप्ततेचा हक्क व्यसनी माणसालाही मिळाला. म्हणजे एका कायद्यानं तो गुन्हेगार आणि दुसऱ्यानं रुग्ण. फॉर्म घेऊन येणारा माणूस यांतल्या कुठल्या कायद्याच्या वतीनं आला आहे, हे त्याच्या ओळखपत्रावर लिहिलेलं नसतं.

पाकिस्ताननं ही यादी करायची गोष्ट कायद्यातच लिहून ठेवली. १९९७ च्या तिथल्या अमली पदार्थ नियंत्रण कायद्यात प्रांतिक सरकारांनी आपल्या हद्दीतल्या सर्व व्यसनींची नोंदणी करावी अशी तरतूद आली. पहिल्या वेळच्या उपचाराचा खर्च केंद्रानं करावा हेही त्यातच आहे, आणि हे म्हणणं चांगलंच होतं. पण त्याबरोबर असंही आलं, की व्यसनी माणसानं नोंदणीपत्र जवळ बाळगावं आणि सरकारी अधिकाऱ्यानं मागितलं की दाखवावं. चौकात पोलीस शिपायाला आपण हेरॉईन घेतो असं कार्ड काढून दाखवणारा माणूस डोळ्यांसमोर आणून पाहावा. (आपणही हसू नये. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू प्यायला आजही परवाना लागतो, आणि बारमध्ये बसलेल्यांच्या खिशात तो किती असतो हे सर्वांना माहीत आहे.) नोंदणीची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांचा हेतू उपचाराचा असेलही. नशा घेणाऱ्याला मात्र ती खतावणी पोलिसांचीच वाटणार.

त्या देशाचा व्यसनाचा इतिहास आपल्यालाही चटका लावून गेलेला आहे. १९७९ मध्ये झिया उल-हक यांच्या हुदूद आदेशानं अफूची परवानाधारक दुकानं बंद झाली. त्याच वर्षी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्या, सरहद्दीवर हेरॉईनचे कारखाने उभे राहिले, आणि १९८० पर्यंत हेरॉईन जवळजवळ माहीत नसलेल्या पाकिस्तानात दशक संपेपर्यंत व्यसनींची संख्या लाखांत गेली. त्याच लाटेचं पाणी मुंबईच्या फुटपाथवर आलं. मराठीत ‘गर्द’ आणि ‘गर्दुल्ला’ हे शब्द घरोघरी पोचले ते त्याच वर्षांत, आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झालं तेही त्यामुळेच. वृद्ध अफीमखोर दुकानावर जाऊन आपली मात्रा घेऊन यायचा, तो मुल्लाच्या नजरेला खुपत असेल, पण त्याचं सगळं उजेडात होतं. दुकान बंद झालं आणि गिऱ्हाईक अंधारात गेलं. अंधारातल्या माणसाला शोधायला मग प्रश्नावल्या लागतात.

२०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं पाकिस्तान सरकारबरोबर केलेल्या पाहणीचा अहवाल आला. गेल्या वर्षभरात ६७ लाख लोकांनी ड्रग्ज घेतले होते, त्यांतले सुमारे साडेबेचाळीस लाख व्यसनाधीन होते, आणि वर्षाला उपचाराची सोय होती तीस हजारांहूनही कमी लोकांची. एका जागेमागे एकशे चाळीस माणसं. समजा, उर्दू प्रश्नावली अगदी निर्दोष आहे आणि ती देशभर भरून घेतली. एकशे चाळीसांपैकी एकाला खाट मिळाली. बाकी एकशे एकोणचाळीसांना काय दिलं? तुला व्यसन आहे हे अधिकृतपणे कळवलं, त्याच्या घरात, शाळेत किंवा नोकरीच्या ठिकाणी तो कागद फिरवला, आणि निघून आलो. त्या अहवालात बायकांचा वेदनाशामक आणि गुंगीच्या गोळ्यांचा गैरवापर ठळकपणे पुढे येतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्रं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्या बाईनं ‘हो’ म्हटलं ती कुठे जाणार होती?

आपलं चित्र यापेक्षा बरं आहे असं मानायचं असेल तर २०१९ चा अहवाल वाचावा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’नं केलेल्या या पाहणीत दोन लाख घरांतल्या पावणेपाच लाख माणसांशी बोलणं झालं. व्यसनाची तीव्रता मोजायला त्यांनी असिस्टच वापरली. अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या घरात, गुंगीची औषधं गैरमार्गानं घेणारे एक कोटींहून अधिक. नाकानं हुंगायच्या पदार्थांत मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट, १.७ टक्के विरुद्ध ०.५८. आणि बेकायदा ड्रग्जवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळालेला होता. मला या अहवालातला हा शेवटचा आकडाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण बातम्या झाल्या त्या कोटींच्या.

स्क्रीनिंग कधी करावं याची कसोटी १९६८ मध्येच विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहून ठेवली आहे. त्यांच्या दहा अटींत निदान आणि उपचाराची सोय उपलब्ध असणं ही एक आहे, आणि तपासणीची पद्धत लोकांना मान्य होणारी असणं ही दुसरी. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलानं २०२० मध्ये प्रौढांना ड्रग्जबद्दल प्रश्न विचारावेत अशी शिफारस केली तीही एका अटीवर, की नेमकं निदान आणि परिणामकारक उपचार देण्याची सोय असेल तरच. आणि त्यांनी स्पष्ट केलं की विचारायचं म्हणजे तोंडानं विचारायचं, लघवी तपासायची नाही. अल्पवयीन मुलांबाबत त्यांनी पुरावा अपुरा आहे एवढंच म्हटलं. डॉलर ओतणाऱ्या देशाला जिथे खात्रीनं बोलता येत नाही, तिथे आपल्याकडे आणि सरहद्दीपलीकडे राजकारणी छातीठोकपणे बोलतात. डिसेंबर २०१८ मध्ये पाकिस्तानचे गृह राज्यमंत्री शहरयार आफ्रिदी यांनी इस्लामाबादच्या मोठ्या शिक्षणसंस्थांत ७५ टक्के मुली आणि ४५ टक्के मुलगे ‘आईस’ म्हणजे क्रिस्टल मेथ घेतात असं जाहीर सांगितलं. एवढी मुलं खरोखर आईस घेत असती तर वर्गच भरले नसते. पण असे आकडे उठले की पहिली मागणी येते ती विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या लघवी-रक्त तपासणीची. आपल्याकडेही एमडीचा साठा पकडल्याची बातमी आली की पालक सभांमधून हाच सूर निघतो. नेहमीच्या तपासणी पट्टीवर एमडी हमखास सापडत नाही, गांजा मात्र कित्येक दिवसांनीही सापडतो. म्हणजे दोन-तीन दिवसांपूर्वी सहलीत झुरका मारलेला पोरगा शाळेतून जाईल आणि काल रात्री एमडी घेतलेला पहिल्या बाकावर बसेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. उपचार उभे राहीपर्यंत थांबायचं तर कधीच काही होणार नाही. आकडे दाखवल्याशिवाय सरकार पैसे देत नाही, आणि आकडे हवेत तर विचारायला हवं. हे खरं आहे. पण आकडे मिळवण्यासाठी कोणाचं नाव लागत नाही. निनावी पाहणी करा, नमुना घ्या, मालेगावात आणि मुंब्र्यात किती जण गोळ्या घेतात याचा अंदाज बांधा. पाहणी आणि स्क्रीनिंग या वेगळ्या गोष्टी आहेत. पाहणीत माणूस आकडा होतो आणि सुटतो, स्क्रीनिंगमध्ये त्याच्या नावापुढे खूण होते. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो, आणि कधीकधी तो मुद्दाम केला जातो, कारण नावांची यादी कोणाला ना कोणाला हवी असते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. उर्दू बोलणाऱ्यांनाच का निवडायचं? व्यसन काय भाषा पाहून येतं? येत नाही. देशातल्या व्यसनाचा मोठा भार दारूचा आहे आणि त्यात सगळे सामील आहेत. ‘ड्रग्ज म्हणजे त्यांची वस्ती’ हे समीकरण मुंबईत फार जुनं आणि फार सोयीचं आहे. पॉश सोसायटीतल्या पार्टीची बातमी दोन दिवस चालते, डोंगरी-गोवंडीचं नाव कायमचं चिकटतं. तरीही मराठी-इंग्रजीतच सगळं ठेवून उर्दू वगळणं हा समतेचा मार्ग नव्हे. कर्करोगाची, क्षयाची माहिती उर्दूत छापतो तशी हीही छापावी. फक्त ती उर्दू शाळेच्या हजेरीपटाबरोबर न जाता दवाखान्याच्या टेबलावर जावी.

दवाखाना कुठला, यावर मी अडून बसेन. मोहल्ल्यातला माणूस पहिल्यांदा जातो तो गल्लीतल्या डॉक्टरकडे, आणि तो बहुतेकदा बीयूएमएस, म्हणजे युनानी वैद्यकाचा पदवीधर असतो. मालेगावात मन्सूऱ्याचं तिब्बिया कॉलेज आहे, मुंबईत अंजुमनचं आहे. तिथून निघालेली ही मंडळी रुग्णाची भाषा बोलतात, बापाला ओळखतात, संध्याकाळी उशिरापर्यंत बसतात. त्यांना व्यसनाबद्दल विचारायला शिकवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. (त्यांतलेच काही जण वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या हात सैल सोडून लिहितात, हेही ठाऊक आहे. शिकवण्याचं ते आणखी एक कारण.) विचारायचं ते पदार्थाचं नाव घेऊन. ‘ड्रग्ज घेता का’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. झोपेसाठी काय घेता, पट्टी किती दिवस पुरते, सिरप कधीपासून, कामावर जाताना काही लागतं का? असिस्टचा सांगाडा इथे डास्टपेक्षा जास्त कामाचा आहे, कारण ती एकेक पदार्थ विचारते आणि तंबाखूपासून सुरुवात करते. गुटख्याबद्दल बोलताना कोणालाच लाज वाटत नाही, तिथून पुढे जाता येतं. या पद्धतीची चाचणी झालेल्या चार देशांत भारत एक होता. दवाखान्यात आलेल्या मध्यम धोक्याच्या लोकांशी थोडा वेळ नीट बोलल्यावर भारतात, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात फरक दिसला, अमेरिकेत दिसला नाही. म्हणजे समजुतीचे चार शब्द हा रामबाण नाही. पण निरुपयोगीही नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्यात कोणाची यादी होत नाही.

ज्यांची गाडी बोलण्याच्या पुढे गेली आहे त्यांना औषध लागतं, आणि इथे घाईनं माणसं मरू शकतात. अल्प्राझोलमची सवय झालेल्याला एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते. घरचे त्याला खोलीत कोंडतात, कोणी दूरच्या दर्ग्यावर नेऊन बसवतात, कोणी मारहाण करणाऱ्या बेकायदा केंद्रात टाकतात. त्याची मात्रा आठवड्यामागून आठवडा उतरवत न्यायची असते आणि त्याला डॉक्टर लागतो. कोडीन किंवा गर्दवाल्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध आहे, जे जिभेखाली ठेवायची गोळी म्हणून सरकारी केंद्रांतून देता येतं. एमडीसाठी तसं पर्यायी औषध नाही, तिथे महिनोन्‌महिने समुपदेशन चालवावं लागतं आणि समुपदेशक उर्दू बोलणारा हवा. स्क्रीनिंगचा खर्च मांडताना हे सगळं मांडायला हवं, तसं कोणी मांडत नाही.

मशिदीचं काय? जुम्म्याच्या बयानात नशेविरुद्ध बोललं जातं, मोर्चे निघतात, मेडिकलवाल्यांना इशारे दिले जातात. पोलिओच्या डोसाबद्दल मालेगावात एकेकाळी मोठा संशय होता, तो मौलाना आणि स्थानिक डॉक्टर बरोबर आले तेव्हा ओसरला. म्हणून इथेही त्यांना घ्या असं सुचवलं जातं. घ्यावं, पण पोलिओत लाज नव्हती. मिंबरवरून हराम म्हटलं की वापरणारा आणखी आत सरकतो. इमाम साहेबांनी बयानाच्या शेवटी अमुक दवाखान्यात अमुक वेळी डॉक्टर बसतात, नाव विचारत नाहीत, एवढं सांगितलं तर ते पन्नास प्रश्नावल्यांच्या तोडीचं काम होईल. मात्र ते खरं असायला हवं. एकदा कोणी गेला आणि त्याचं नाव पोलीस ठाण्यात निघालं, तर इमामांचाही शब्द संपला.

त्यामुळे मागणी दोन गोष्टींची करावी लागेल. आरोग्य विभागानं लेखी आदेश काढावा, की दवाखान्यात व्यसनाबद्दल दिलेलं उत्तर पोलीस, शाळा किंवा मालक यांच्याकडे जाणार नाही आणि उपचाराला स्वतः आलेल्याला ६४ अ कलमाची माहिती त्याच्या भाषेत दिली जाईल. आणि मालेगाव, भिवंडी, मुंब्रा अशा ठिकाणी ब्युप्रेनॉर्फिन, मात्रा उतरवण्याची सोय आणि उर्दू बोलणारा समुपदेशक असलेलं बाह्यरुग्ण केंद्र आधी उघडावं, मालेगावात तरी मागांना सुट्टी असते त्या शुक्रवारी ते चालू ठेवावं. १५ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानात २७२ जिल्हे घेतले गेले, शपथा झाल्या, फेऱ्या निघाल्या, १४४४६ हा हेल्पलाईन क्रमांक भिंतींवर आला. जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीत फेऱ्या आणि फलकांच्या रकमेशेजारी औषधांची आणि पगारांची रक्कम किती आहे, हे या गावांच्या नगरसेवकांनी आणि आमदारांनी विचारावं. ती रक्कम कागदावर येईपर्यंत उर्दू प्रश्नावलीचे गठ्ठे शाळांकडे पाठवू नयेत.